हजार घोडे आणि एक मिलिमीटरची वायर

बोनेट राहू दे. डिकी उघड. इंजिन मी पाहिलं, टर्बो पाहिला, त्या टर्बोला किती पैसे पडले तेही तू न विचारता सांगितलंस. आता टाकी दाखव, पंप दाखव, पंपाला जाणारी वायर दाखव. मान खाली कशाला घालतोस? टोयोटाचं टू-जेझेड, तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, ओतीव लोखंडाच्या ब्लॉकचं इंजिन तू हजार घोड्यांपर्यंत नेलंस. पिस्टन घडीव घेतलेस, रॉड घडीव घेतलेस, हेडचे स्टड बदललेस. तिथे हात आखडला नाहीस, ते बरोबरच केलंस. आणि या इंजिनाला इंधन पोचवायची व्यवस्था मात्र उरल्यासुरल्या पैशांत, शेवटच्या आठवड्यात, कुणाच्या तरी गाडीत बघून उरकलीस. माझ्या हाताखाली दोन वर्षं काढलेल्या मुलाचं हे काम आहे, असं मी कुणाला सांगू शकत नाही.

तू म्हणतोस, डायनोवर हजार निघाले, काही झालं नाही. काही झालं नाही, कारण डायनोवर गाडी जागेवर उभी होती. टाकी सपाट होती, बॅटरीला चार्जर लावलेला होता आणि आत रेसिंगचं पेट्रोल होतं. ड्रॅग शर्यतीच्या पट्टीवर यातलं एकही नसणार. वर तू आता इथेनॉल घालायचं ठरवलंयस. मला सांगितलंस, "सर, इथेनॉलवर इंजिन थंड राहतं, बूस्ट वाढवता येतो." खरं आहे. पण इथेनॉल किती लागेल याचा हिशेब विचारला तर तू मोबाइल काढलास. ठेव तो. कागद घे आणि लिही.

टर्बो इंजिन पूर्ण भारावर पेट्रोलमध्ये दर घोड्यामागे ताशी साधारण २७० ग्रॅम इंधन घेतं. हजार घोडे म्हणजे ताशी २७० किलो. घनता ०.७४ धर, ताशी ३६५ लिटर झाले, मिनिटाला सहा लिटर आणि थोडं वर. सहा इंजेक्टर आहेत, प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटाला हजारएक सीसी. तुझे इंजेक्टर १,३०० सीसीचे, म्हणजे डायनोवर ते ७८ टक्के वेळ उघडे होते. निभावलं. आता ई८५, म्हणजे ८५ टक्के इथेनॉल, घाल. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते, ई८५ला ९.८ किलोच लागते. इंजिन हवा तेवढीच ओढणार, म्हणजे इंधन जवळजवळ दीडपट द्यावं लागणार. दर घोड्यामागे ३८० ग्रॅम धर. ताशी ३८० किलो, घनता ०.७८, म्हणून ताशी ४९० लिटर. मिनिटाला आठ लिटरच्या वर. प्रत्येक इंजेक्टरला १,३६० सीसी. तुझा इंजेक्टर क्षणभरही न मिटता उघडा राहिला तरी १,३००च देणार. म्हणजे पट्टीवर पोचायच्या आधी, या कागदावरच, तुझं इंजिन उपाशी मेलं. इंजेक्टर ८५ टक्क्यांच्या वर चालवायचा नसतो, त्या हिशेबाने १,६०० सीसीचा हवा होता. हा गुणाकार-भागाकार सातवीच्या मुलाला येतो. तुला येत नाही असं नाही. तू केला नाहीस.

आणि इंधन कमी पडलं तर काय होतं ते तुला मी पुन्हा सांगायला हवं का? मिश्रण हलकं होतं, ज्वलनाचं तापमान चढतं, नॉकिंग सुरू होतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टनचा माथा गेला, रिंगांमधली भिंत तुटली की ते तुकडे टर्बोतून बाहेर पडतात. घडीव पिस्टन तुला यातून वाचवत नाही. फार तर अर्धा सेकंद उशिरा फुटतो.

आता पंप. खोक्यावर ४५० लिहिलंय, दोन लावले म्हणजे नऊशे, असं तुझं म्हणणं. खोक्यावरचा आकडा तीन बारच्या आसपासच्या दाबाचा असतो. तुझ्या रेग्युलेटरला मूळ दाब तीन बार आणि बूस्ट अडीच बार. बूस्टच्या प्रत्येक बारमागे इंजेक्टरना इंधन वाटणाऱ्या रेलचा दाबही एक बारने चढला पाहिजे, नाहीतर बूस्टच इंजेक्टरच्या तोंडाशी इंधन अडवून धरेल. म्हणजे पंपाला साडेपाच बारच्या विरुद्ध ढकलायचंय. त्या दाबाला प्रवाह किती उरतो, याचा आलेख प्रत्येक चांगला उत्पादक देतो. तो उघडून बघायचा असतो. काही पंपांच्या पोटातली सुरक्षा झडप तर याच दाबाच्या आसपास उघडू लागते आणि इंधन आतल्या आत फिरत राहतं. पंप विकत घेताना विचारायचा प्रश्न एकच: साडेपाच बारला, साडेतेरा व्होल्टवर, किती लिटर? दुकानदाराला उत्तर देता आलं नाही तर दुसऱ्या दुकानात जायचं.

साडेतेरा व्होल्टवर, असं मी म्हटलं. आता वायर बघ. कारखान्यातून आलेली, एक चौरस मिलिमीटरची. ती एका छोट्या पंपासाठी होती. तू पहिला मोठा पंप तिच्यावर चालवलास आणि दुसऱ्याची वायर तिलाच जोडून दिलीस. हे पंप साडेपाच बारला एकेक पंधरा-सोळा अँपिअर ओढतात. एक चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध मीटरमागे ०.०१८ ओहमच्या आसपास. बॅटरीपासून डिकीपर्यंत साडेचार मीटर, म्हणजे ०.०८ ओहम. बत्तीस अँपिअर गुणिले ०.०८. अडीच व्होल्ट वायरीतच खर्च झाले. बॅटरीवर १४ दिसतात, पंपाला साडेअकरा मिळतात. पंपाच्या प्रवाहाचा पाचवा हिस्सा तरी तिथेच जातो. शेतावर व्होल्टेज कमी आलं की विहिरीवरची मोटार पाणी टाकत नाही, हे तुझ्या घरात लहानपणापासून बघत आलास. तेच इथे आहे. सहा चौरस मिलिमीटरची वायर टाकली असतीस तर हाच तोटा अर्ध्या व्होल्टच्याही आत राहिला असता. मल्टिमीटर बॅटरीवर लावून मला आकडा सांगू नकोस. पंपाच्या टर्मिनलवर लाव, आणि एक टोक पंपाच्या अर्थवर, बॉडीवर नाही.

मी मघाशी गप्प राहिलो ती गोष्ट आता सांगतो. फ्यूज उडू लागला म्हणून तू मोठा फ्यूज घातलास. या अख्ख्या गाडीत मला सर्वांत जास्त राग त्याचा आला. फ्यूज पंपासाठी नसतो, वायरीसाठी असतो. तो उडत होता म्हणजे वायर तुला सांगत होती की मी जळते आहे. तू तिचं तोंड बंद केलंस. ही वायर टाकीच्या वरून जाते. प्रत्येक पंपाला स्वतंत्र वायर, स्वतंत्र रिले, स्वतंत्र फ्यूज, थेट बॅटरीपासून. यात सवलत नाही. शिवाय अल्टरनेटर काढून वजन वाचवायचं तुझ्या मनात असेल तर तो विचार आत्ताच सोडून दे. धाव संपेपर्यंत व्होल्टेज उतरत जातं आणि इंधनाची सर्वांत जास्त गरज शेवटच्या शंभर मीटरलाच असते.

तू अमेरिकेतल्या टॉप फ्युएल गाड्यांचे व्हिडिओ बघतोस. आवाज बघतोस, ज्वाळा बघतोस. त्यांचा पंप बघ. त्यांच्या नायट्रोमिथेनच्या एका किलोला जळायला १.७ किलोच हवा लागते, म्हणून बर्नआउट धरून एका धावेत ४५ ते ५५ लिटर इंधन जातं. मिनिटाला साडेतीनशे लिटरच्या वर देणारा पंप थेट इंजिनाने फिरवलेला असतो, कारण बॅटरीवर एवढं काम होत नाही. आणि अख्खी जुळवणी, क्लच किती सैल सोडायचा, इंधन कुठल्या क्षणी वाढवायचं, कुठल्या क्षणी कमी करायचं, हे सगळं त्या पंपाच्या प्रवाहाभोवती बांधलेलं असतं. ती माणसं इंधनापासून सुरुवात करतात आणि मग टायरपर्यंत येतात. तू टर्बोपासून सुरुवात केलीस आणि पैसे संपल्यावर इंधनापाशी आलास.

टाकीकडे ये. मूळ टाकी, मूळ जागी पंप, आणि वजन कमी ठेवायला पाव टाकी इंधन. पहिले साठ फूट तुला दीड सेकंदात हवेत. हिशेब केलास तर सरासरी प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या दीडपटीच्या वर निघतो. दीड पट प्रवेगात टाकीतलं इंधन सपाट राहत नाही, ५६ अंशांच्या कोनात मागच्या भिंतीवर चढून उभं राहतं. पंपाचं तोंड टाकीच्या मध्यावर आहे. त्याला हवा मिळणार. आणि पंपात शिरलेली हवा रेलपर्यंत जाते, इंजेक्टरमधून हवेचा बुडबुडा सुटतो, नेमका त्या क्षणी जेव्हा तू ब्रेक सोडून पूर्ण थ्रॉटल दिलेला असतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घे, कारण ती फार थोडी मुलं समजून घेतात. नऊ सेकंदांच्या धावेत तुझं इंजिन आठ लिटर प्रति मिनिट दराने फक्त सव्वा लिटर इंधन पिणार आहे. अडचण साठ्याची नाही. अडचण अखंडपणाची आहे. म्हणून मोठी टाकी भरून नेणं हा उपाय नाही. मधे दोन-तीन लिटरची उभी सर्ज टाकी हा उपाय आहे. मुख्य टाकीतून छोटा पंप ती सतत काठोकाठ भरत राहतो, रेलवरून परतणारं इंधनही तिथेच येतं, आणि मोठे पंप तिच्या तळातून उचलतात. मुख्य टाकीच्या पंपाने दोन सेकंद हवा ओढली तरी सर्ज टाकीच्या तळाला ती कळत नाही. जादा झालेलं इंधन वरच्या तोंडातून मुख्य टाकीत जातं आणि हवा त्याच्याबरोबर निघून जाते. परतीची नळी पंपाच्या तोंडाशी आणून सोडायची नाही, फेस उचलला जातो. मोठ्या पंपांच्या ओढीच्या बाजूला नळी जाड आणि आखूड हवी, जाळी शंभर मायक्रॉनची. बारीक फिल्टर पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला. तू दहा मायक्रॉनचा फिल्टर ओढीच्या बाजूला लावलायस. पंपाला ढकलता येतं, ओढता येत नाही. ओढीवर अडवलंस की इंधनाची तिथेच वाफ होते.

प्रवेगाचा आणखी एक परिणाम आहे. टाकीपासून इंजिनापर्यंत तीन मीटर लांब नळी इंधनाने भरलेली. गाडी पुढे झेपावते तेव्हा हा स्तंभ मागे रेटला जातो. दीडपट प्रवेगाला तो रेटा ०.३४ बार भरतो. तुझ्या रेग्युलेटरने तो भरून काढायचा तर पंपाकडे शिल्लक हवी. कार्ब्युरेटरच्या गाडीत एकूण दाबच अर्धा बार असतो, त्यातला ०.३४ गेला तर फ्लोटच्या वाटीत काय पोचणार? कॅलिफोर्नियातल्या डीन मून यांच्या त्या गोल ॲल्युमिनियमच्या टाक्या जुन्या ड्रॅग गाड्यांच्या अगदी नाकावर, रेडिएटरच्याही पुढे बसवलेल्या तू फोटोत पाहिल्या असशील. शोभा म्हणून पाहिल्या असशील. टाकी पुढे असली की प्रवेग इंधन इंजिनाकडेच ढकलतो. त्या माणसांकडे संगणक नव्हता, विचार होता.

रेग्युलेटर बघताना माझा हात थांबला. बूस्टची खबर देणारी नळी तू ब्लो-ऑफ व्हॉल्व्हच्या नळीला फाटा काढून घेतलीस आणि क्लॅम्पशिवाय नुसती खोचून ठेवलीस. अडीच बार बूस्टला ती निसटली तर काय होईल? रेलवर तीनच बार राहतील, समोर मॅनिफोल्डमध्ये अडीच. इंजेक्टरच्या दोन टोकांतला फरक अर्धा बार. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. अर्धा भागिले तीन, त्याचं वर्गमूळ ०.४१. म्हणजे साठ टक्के इंधन एका झटक्यात गायब, पूर्ण बूस्टमध्ये, नळीच्या एका तुकड्यासाठी. त्या नळीला मॅनिफोल्डवर तिचं स्वतःचं छिद्र हवं, तिच्यात दुसरं काहीही जोडायचं नाही, आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प.

रेलवर दाबाचा सेन्सर नाही. बोनेटखाली घड्याळासारखा गेज आहे, जो गाडी धावताना कुणालाच दिसत नाही. सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, जोड. ईसीयूने रेलचा दाब वजा मॅनिफोल्डचा दाब सतत बघायचा, तो फरक तीन बारवरून खाली अर्धा बार जरी घसरला तरी बूस्ट सोडायचा आणि प्रज्वलन तोडायचं. धाव वाया जाईल. जाऊ दे. एक्झॉस्टमधल्या लॅम्बडा सेन्सरवर विसंबून राहू नकोस. त्याला मिश्रण हलकं झाल्याचं कळतं तोवर ते जळून झालेलं असतं. दोन पंप समांतर लावलेस, प्रत्येकाच्या पुढे एकमार्गी झडप आहे का? नाही. मग एक पंप बंद पडला की दुसरा त्याच्यातूनच उलटं इंधन टाकीत ओतणार. आणि हा प्रकार तुला आयडलवर कधीच कळणार नाही, कारण आयडलला एक पंप पुरून उरतो.

इंधनाचंही तसंच, न तपासता. मार्च २०२४ पासून महाराष्ट्रातल्या काही पंपांवर ई१०० मिळू लागलं, ही आपल्या उसाच्या मुलखाला आनंदाची गोष्ट. पण त्यात इथेनॉल ९३ टक्क्यांच्या आसपास असतं आणि तू ज्यात मिसळलंस त्या पेट्रोलमध्ये आधीच वीस टक्के. ८५ लिटरला १५ लिटर मिसळून ई८५ झालं असं तू धरलंस, झालं ८२. फरक छोटा आहे, पण तू मोजलं नाहीस, गृहीत धरलंस. इथेनॉल सेन्सर लाव, ५० ते १५० हर्ट्झचा सिग्नल देतो, ईसीयूला थेट टक्केवारी कळते. आणि पावसाळ्यात झाकण सैल ठेवलेल्या कॅनमधलं इथेनॉल वापरायचं नाही. ते हवेतलं पाणी ओढतं. कागदी फिल्टर काढ, स्टीलच्या जाळीचा लाव. साधी रबरी नळी काढ, आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेली घाल. पुढे जाणारी एएन-८, परतीची एएन-६. परतीची नळी बारीक ठेवलीस तर दोन्ही पंप चालू असताना आयडलला दाब खाली येणारच नाही.

आता ज्यासाठी मी तुला एवढा वेळ उभं करून ठेवलंय ते. या गाडीत तू बसणार आहेस. तुझी इंधनाची नळी फ्लायव्हीलच्या शेजारून जाते. फ्लायव्हील किंवा क्लच फुटला तर त्याचे तुकडे सर्वांत आधी तिलाच कापतील. म्हणूनच अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमांत फ्लायव्हीलजवळची नळी ३ मिलिमीटर जाडीच्या, चाळीस सेंटिमीटर लांब पोलादी नळकांड्यात घालायला सांगितलेली आहे. तुझ्या डिकीत टाकी आणि तुझी पाठ यांच्यामध्ये प्लायवूड आहे. तिथे धातूचा पूर्ण पडदा हवा, एकही भोक उघडं न ठेवता. बॅटरी तोडणारा स्विच गाडीच्या मागच्या बाजूला, बाहेरून कुणालाही दाबता येईल असा, आणि तो दाबला की इंजिन, अल्टरनेटर, दोन्ही पंप, सगळं थांबलं पाहिजे. तू डॅशबोर्डवर बसवलायस. तू बेशुद्ध असशील तर तो दाबणार कोण?

रिक मिअर्स हे नाव ऐकलंस? १९८१च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत, पिटमध्ये त्याच्या गाडीत इंधन भरताना नळीतून मिथेनॉल गळलं आणि पेटलं. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. माणूस जळत होता आणि आजूबाजूच्यांना तो का धडपडतोय ते क्षणभर कळत नव्हतं. त्याचा चेहरा भाजला. त्यानंतर भरायच्या नळीच्या तोंडाला गाडीशी जोडल्याशिवाय न उघडणारी झडप आली. इथेनॉलची ज्योतही भर उन्हात फिकी असते. तुझ्या दोन जोडण्यांवर मघाशी माझं बोट ओलं झालं. मी काही बोललो नाही, रुमालाला पुसलं, कारण बोललो असतो तर हात उचलला असता. तुझ्या आईने मला एकदा विचारलं होतं, सर, हे सुरक्षित आहे ना. मी हो म्हटलं होतं. कारण मला वाटलं होतं की जोडणी तू करणार आहेस.

ट्रेलर सोडून दे. या रविवारची शर्यत गेली, ती जाऊ दे. इंजेक्टर, वायर, सर्ज टाकी, पडदा, स्विच, नळ्या हे सगळं झालं की मग चाचणी. शेडमध्ये नाही, मोकळ्या जागेत, इंजिन थंड असताना, पावडरचा अग्निशामक हातात धरून एक जण उभा. रेलवरून येणारी परतीची नळी सर्ज टाकीजवळ सोडवून मापाच्या धातूच्या कॅनमध्ये सोड, कॅन गाडीच्या बॉडीला तारेने जोड. रेग्युलेटरच्या बूस्टच्या तोंडाला कंप्रेसरवरून बरोबर अडीच बार हवा दे. रेलवर साडेपाच दिसले पाहिजेत. पंपाच्या टर्मिनलवर साडेतेरा व्होल्ट आहेत याची खात्री कर, आणि मुख्य टाकीतला छोटा पंपही चालू ठेव. पूर्ण एक मिनिट. गरज आठ लिटरची आहे, वर पाव हिस्सा शिल्लक धरून दहा लिटर कॅनमध्ये आले पाहिजेत. मग एक पंप बंद करून पुन्हा मोज, म्हणजे तो अर्ध्यात मेला तर काय उरतं ते कागदावर राहील. प्रत्येक वेळी व्होल्ट, बार, लिटर, तिन्ही लिहून ठेव. आकडा दहाच्या खाली आला तर नवा पंप विकत घ्यायला पळू नकोस. आधी व्होल्टेज, मग ओढीची जाळी, मग परतीची नळी, मग पंप, याच क्रमाने शोध. चारही तपासून झाल्याशिवाय मला फोन करायचा नाही.